लेक परदेशात अडकते तेव्हा

आमच्या शहादा तालुक्यात ऊस, केळी आणि पपईने बऱ्याच घरांना बरे दिवस दाखवले. सातपुडा साखर कारखाना आला, शाळा-कॉलेजं झाली, लोणखेड्याची मुलं पुण्या-नाशकाला जाऊन इंजिनिअर झाली आणि तिथून परदेशी गेली. त्यांच्यामागून लग्न होऊन मुलीही गेल्या. बहुतेक सुखात आहेत. ज्या नाहीत त्यांच्याबद्दल आपण कुजबुजतो, उघड बोलत नाही.

माझ्या मोठ्या बहिणीची, आक्काची, मुलगी अशांपैकी एक. अमेरिकेत नवरा तिला मारायचा, कोंडून ठेवायचा. तिला तिथून सोडवताना भारतीय वकिलात काय करते आणि काय करू शकत नाही, हे मला जवळून कळलं. पुढे आजूबाजूच्या गावांतली आणखी काही माणसं माझ्याकडे आली. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे बाई अर्ज लिहून देतील, असं त्यांना वाटे. त्या सगळ्यातून जे कळलं ते इथे मांडते आहे. भाचीला विचारून लिहिते आहे. तिचं नाव, गाव आणि तिथलं राज्य मात्र सांगणार नाही.

१. आधी तिथले पोलीस, मग वकिलात

भाचीचा फोन आला त्या संध्याकाळी दाजींनी पहिला प्रश्न विचारला, “दिल्लीत आपल्या ओळखीचं कोण आहे?” आमदार, खासदार, कारखान्याचे संचालक, सगळ्यांची नावं निघाली. आपल्याकडे कामं अशीच होतात, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण अंगावर हात पडत असतो तेव्हा दिल्लीची ओळख लांब असते आणि गल्लीतला पोलीस जवळ.

वकिलातीतल्या अधिकाऱ्याला कुणाच्या घरात शिरता येत नाही, नवऱ्याला अटक करता येत नाही, कोर्टात तिच्या वतीने वकील म्हणून उभं राहता येत नाही. १९६३ च्या व्हिएन्ना करारावर हे सारं काम चालतं. त्याच्या पाचव्या कलमात आपल्या नागरिकांना मदत करणं हे वकिलातीचं काम म्हणून सांगितलं आहे आणि पंचावन्नाव्या कलमात तिथल्या देशाचा कायदा पाळण्याचं बंधन घातलं आहे. या दोन कलमांच्या मधल्या जागेत तो अधिकारी काम करत असतो. ती जागा लहान नाही, पण तिची हद्द आपल्याला ठाऊक असावी. नाहीतर माणूस नको त्या गोष्टीसाठी भांडत बसतो आणि हवी ती मागायची राहून जाते.

अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात तीनदा शून्य. हे नंबर तिने लावायचे. इथून आपण ९११ फिरवला तर तिथल्या पोलिसांना लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिच्या शहराच्या पोलीस ठाण्याचा नेहमीचा दहा आकडी नंबर शोधायचा, त्याच्या आधी अमेरिकेचा कोड लावायचा आणि सांगायचं की अमुक पत्त्यावर आमची मुलगी आहे, तिच्या जिवाची काळजी वाटते, कुणीतरी जाऊन पाहून या. याला ते ‘वेलफेअर चेक’ म्हणतात. शब्द हाच वापरावा, लगेच समजतं. हीच विनंती वकिलातीचा अधिकारीही पोलिसांना करू शकतो. आमच्याकडे दोन्ही झालं आणि दाराशी पोलीस आल्यावर भाचीला पहिल्यांदा नवऱ्याच्या पाठीमागे नव्हे, समोर उभं राहून बोलता आलं.

२. ती सज्ञान आहे

वकिलातीच्या बाईंनी आम्हाला फोनवर पहिलं विचारलं, “हे सगळं मुलीला हवं आहे का?” दाजी भडकले. बाप सांगतोय तरी विचारता, म्हणाले. पण त्या बाईंचं बरोबर होतं. सज्ञान बाईच्या बाबतीत तिच्या तोंडून किंवा तिच्या हातच्या दोन ओळींतून आल्याखेरीज अधिकाऱ्याला पुढे जाणं अवघड असतं. आणि का असू नये? आई-बाप सांगतात म्हणून सरकारने मुलीला उचलून आणावं, असं एकदा मान्य केलं तर आपल्या मनाने लग्न केलेल्या मुलींचं काय होईल, याचा विचार करून पाहावा.

तेव्हा आधी तिच्याशी बोलण्याची वाट सुरक्षित करायची. नवरा फोन तपासत असतो हे धरूनच चालावं. भाचीचा फोन रोज आईशी व्हायचा, पण नवरा शेजारी बसलेला असायचा. आक्काने आणि तिने एक खूण ठरवली. आमच्याकडे विहिरीवरची मोटर जळणं हे नित्याचं, त्यामुळे कुणाला संशय येण्यासारखं नव्हतं. “मोटर जळाली का गं?” असं आक्का विचारायची. “नाही, चालू आहे,” म्हणजे आज बरं आहे. “जळाली, मेकॅनिक बोलवा,” म्हणजे पोलिसांना कळवा. नवरा कामावर गेला की त्यांच्याकडची सकाळ, आपल्याकडची संध्याकाळ. तेव्हा ती शेजारणीच्या फोनवरून बोलायची. वकिलातीला लागणारी तिची संमती तिने त्याच फोनवरून ई-मेलने पाठवली: मी अमुक, माझा पासपोर्ट नंबर अमुक, मला मदत हवी आहे, माझ्या वतीने माझ्या आई-वडिलांशी आणि मावशीशी बोललं तरी चालेल. चार वाक्यं होती, पण त्यानंतर बोलण्याची तऱ्हाच बदलली. तोवर अधिकारी फक्त आमचं ऐकून घेत होत्या. नंतर त्या आम्हाला सांगू लागल्या.

३. पत्र लांबलं की काम लांबतं

दाजींनी लिहिलेलं पत्र फुलस्केपची पाच पानं होतं. लग्नात काय मागितलं, मानपान कसा झाला, विहीण काय बोलली, सगळं त्यात होतं. बापाचं दुःख होतं ते, आणि ते खरं होतं. पण वाचणाऱ्याला मुलगी कुठे आहे हे चौथ्या पानावर कळत होतं.

माझ्या हाताला आता सवय झाली आहे. पहिल्या ओळीत मुलीचं पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर. दुसरीत पत्ता: घर किंवा फ्लॅट नंबर, रस्ता, शहर, राज्य, पिनकोडसारखा त्यांचा झिपकोड. तिसरीत नवऱ्याचं नाव, कामाचं ठिकाण, दोघांचे व्हिसा कुठले. चौथीत काय घडलं आणि कधी: तारीख, इजा, दवाखाना, पोलीस. पाचवीत आत्ता धोका काय आहे. मूल आहे का, पासपोर्ट कुणाकडे आहे, घरात शस्त्र आहे का. सहावीत नेमकं काय हवं आहे आणि तिच्याशी कधी, कोणत्या नंबरवर बोलणं सुरक्षित आहे. त्याखाली आपलं नाव, नातं, फोन. मारहाणीचे फोटो, दवाखान्याचे कागद जोडायचे. हुंडा, मानपान यांची वेगळी टिपणं काढून ठेवायची. ती पुढे इथल्या कोर्टात लागतात, तिथे नाही.

नावाचा गोंधळ आपल्या महाराष्ट्रात हमखास होतो. लग्नात नाव बदललेलं असतं, पत्रिकेवर एक, पासपोर्टवर माहेरचं, व्हिसावर पासपोर्टचं आणि गावात तिसरंच. माझ्याकडे आलेल्या एका घराने सासरच्या नावाने तक्रार नोंदवली होती. त्या नावाची बाई कुठल्याच नोंदीत सापडेना. सासरचं नाव लिहायचं असेल तर पासपोर्टच्या नावानंतर ‘उर्फ’ म्हणून लिहावं.

आणखी एक. अमेरिकेत आपला दूतावास वॉशिंग्टनला आहे आणि न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा, सिअ‍ॅटल अशा शहरांत वकिलाती आहेत. प्रत्येकीकडे ठरावीक राज्यं वाटून दिलेली आहेत. न्यू जर्सीतल्या मुलीचा अर्ज ह्यूस्टनला गेला तर तो तिथून न्यूयॉर्कला जाणार आणि मध्ये वेळ जाणार. कुठलं राज्य कुणाकडे, हे वकिलातीच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं.

पत्राबरोबर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार घालायची. २०१५ पासून ते चालू आहे. भारतातले नातेवाईकही तिथे नोंद करू शकतात आणि तक्रारीला क्रमांक मिळतो. पुढच्या प्रत्येक फोनवर, प्रत्येक ई-मेलच्या विषयात तो क्रमांक घालायचा. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांशी लग्न झालेल्या बायकांसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे, तिथेही अर्ज करावा. तिकडून आलेल्या विचारणेने वकिलातीतल्या अधिकाऱ्यालाही बळ मिळतं. खासदारांचं पत्र जोडायला माझी हरकत नाही, पण ते या सगळ्यानंतर.

४. पासपोर्ट नवऱ्याचा नसतो

भांडण झालं की पासपोर्ट कपाटात कुलूपबंद करायचा, ही तिकडच्या छळाची जुनी रीत आहे. मुलीला वाटतं, आता आपण हललो की संपलं. खरं तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो ना नवऱ्याचा, ना सासऱ्याचा. त्याने तो अडकवून ठेवला असेल तर पोलिसांकडे तशी नोंद करायची आणि ती घेऊन वकिलातीकडे जायचं. तिथे नवा पासपोर्ट मिळू शकतो. लगेच भारतात यायचं असेल तर ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ मिळतं, फक्त मायदेशी येण्यापुरतं.

तेव्हा एक गोष्ट नीट विचारून घ्यावी. या सर्टिफिकेटवर आलं की परत जाण्यासाठी नवा पासपोर्ट आणि नवा व्हिसा दोन्ही उभे करावे लागतात. तिकडे पोलिसांची केस चालू असेल, पोटगी मागायची असेल, मुलाच्या ताब्याचा प्रश्न असेल, तर ‘आधी घरी ये बाई’ हे आईचं म्हणणं कितीही खरं असलं तरी तिकडच्या वकिलाला विचारल्याशिवाय विमानात बसू नये. जिवाला धोका असेल तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवायचा आणि निघायचं.

भाचीने पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं, व्हिसा आणि विवाह नोंदणीचा दाखला यांचे फोटो मला आधीच पाठवून ठेवले होते. आमच्या ग्रामपंचायतीत नोंदणी करून घेतलेला तो दाखला पुढे प्रत्येक ठिकाणी लागला.

५. व्हिसाची भीती खोटी नाही, पण पूर्ण खरीही नाही

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या माणसाची बायको एच-फोर व्हिसावर असते. तिचं तिथलं राहणं त्याच्या नोकरीवर आणि त्यांच्या लग्नावर टांगलेलं. नोकरीची परवानगी २०१५ पासून मिळू लागली, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम ठरावीक टप्प्याला पोचलेलं असेल तरच. बँकेत खातं त्याचं, घराचा करार त्याचा, गाडी त्याची. एम.एस्सी. झालेली आमची पोरगी भाजी आणायलाही त्याच्या तोंडाकडे पाहायची. “पोलीस बोलावलेस तर माझी नोकरी जाईल, तुला हाकलतील आणि तुझा बाप गावात तोंड दाखवू शकणार नाही,” हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला तो कायदाच वाटत होता.

कायदा वेगळा आहे. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर छळ झालेल्या बायकोला १९९४ च्या तिथल्या कायद्याखाली त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो. एच-फोरवरच्या बाईला ती वाट नाही, पण छळ झाला असेल तर नोकरीच्या परवान्यासाठी अर्ज करण्याची तरतूद आहे आणि गंभीर गुन्ह्याची बळी म्हणून पोलिसांना सहकार्य करणाऱ्या परदेशी व्यक्तीसाठी यू-व्हिसा आहे. तो वर्षाला दहा हजारच देतात, रांग फार मोठी आहे, हेही सांगायला हवं. ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या छळपीडितेला तीन महिन्यांची वेगळी मुभा मिळू शकते आणि त्या काळात सरकारी मदतही मिळते.

दुसऱ्या देशाचा व्हिसा आपली वकिलात देऊ शकत नाही. ती देते ते नाव-पत्ते: कुठल्या वकिलाकडे जा, कुठल्या संस्थेकडे जा. आणि या संस्था म्हणजे खरा आधार आहेत. न्यू जर्सीतली ‘मानवी’ १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. न्यूयॉर्कला ‘सखी’, कॅलिफोर्नियात ‘मैत्री’, शिकागोला ‘अपना घर’, लंडनला ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’. अमेरिकेतली राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ आहे. तिथे दुभाषा मागता येतो. भाची ज्या निवाऱ्यात राहिली तिथल्या ताईंनी तिला पहिल्या रात्री वरण-भात करून वाढला आणि काही विचारलं नाही. तिचा पत्ता आम्हालाही कळवला नाही. आक्काला ते फार लागलं. पण निवाऱ्याचा पत्ता गुप्त असतो तो नवऱ्यापासून, आणि माहेरच्या दहा तोंडांतून तो फुटायला वेळ लागत नाही.

६. पदरात मूल असेल तर

इथे मी जरा थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

अमेरिकेत जन्मलेलं मूल अमेरिकन नागरिक असतं. आपल्या वकिलातीला त्याला इमर्जन्सी सर्टिफिकेट देता येत नाही. त्याचा पासपोर्ट अमेरिकेचा, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला तिथे दोन्ही पालकांची संमती लागते. भारतात यायला त्याला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागतं, त्यावरही दोघांच्या सह्या मागतात. म्हणजे आईला आज सुटता येतं, पण मुलासह सुटायला कोर्टाचा कागद लागतो.

आणि कसंबसं मूल घेऊन आलीच, तर तिकडे बापाने मूल पळवल्याचा गुन्हा नोंदवण्याची शक्यता असते. अमेरिकेत त्यासाठी १९९३ पासून फौजदारी कायदा आहे. १९८० च्या हेग करारात, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात नेलेली मुलं परत करण्याच्या करारात, भारत सामील नाही. त्यामुळे ‘भारतात पोचलो की सुटलो’ असं गावात कुणीतरी शहाणा सांगतो. पूर्ण खरं नाही ते. आपली कोर्टंही मुलाचं हित पाहतात, आणि ते हित परत पाठवण्यात आहे असं वाटलं तर तसा आदेश देतात. शिवाय त्या आईला पुन्हा त्या देशात पाऊल टाकणं जड होऊन बसतं.

म्हणून आधी तिथल्या कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश आणि मुलाचा तात्पुरता ताबा मागायचा. मारहाण झाली असेल तर हे दोन्ही बरेचदा एकाच अर्जात मागता येतं. मग मूल घेऊन प्रवासाची परवानगी. यात महिने जातात. त्या महिन्यांत तिने राहायचं कुठे, खायचं काय, याची सोय हीच माहेरची आणि वकिलातीची खरी मदत. तळोद्याकडचं एक कुटुंब माझ्याकडे आलं तेव्हा त्यांनी तिकिटं पाहून ठेवली होती. मी तिकिटांऐवजी त्या पैशांत वकील करा म्हटलं. मुलीने तिथल्या कोर्टातून रीतसर परवानगी घेतली आणि नातू घेऊन उजळ माथ्याने आली.

७. पैसे मागताना संकोच नको

प्रत्येक वकिलातीत भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. २००९ मध्ये सुरू झाला. अडलेल्या भारतीयाचं राहणं-जेवण, तातडीचे औषधोपचार, परतीचं तिकीट यासाठी तो वापरतात. नवऱ्याने सोडलेल्या, फसवलेल्या, छळलेल्या बायकांना तिकडच्या कोर्टकामासाठी त्यातूनच चार हजार डॉलरपर्यंत मदत मिळू शकते. पैसे तिच्या हातात पडत नाहीत, वकिलातीच्या यादीतल्या वकिलाला किंवा संस्थेला जातात. परिस्थिती पाहून देतात, त्यामुळे अर्जात आपली ऐपत स्पष्ट लिहावी. ऊस घालणारं घर म्हणजे डॉलरने वकील करणारं घर नव्हे. दाजींना हा अर्ज म्हणजे भीक वाटत होती. मी त्यांना सांगितलं, पासपोर्टची आणि वकिलातीच्या कामांची फी भरतो त्या लोकांच्या पैशांतूनच हा निधी उभा राहतो.

८. मध्यस्थ ओट्यावरच थांबवावेत

मुलगी अजून त्या घरात असताना आमच्याकडे बैठकीचा निरोप आला. लग्न जुळवणारे, दोन्हीकडचे जाणते, व्याही. “चार माणसांत बसू, मिटवू.” हेतू वाईट नव्हता. पण इथे बैठक बसली की तासाभरात त्याला तिकडे कळणार आणि त्या रात्री मार कुणाला बसणार? बोलणी करायची तर ती बाहेर, सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर, आणि तिला हवी असतील तरच.

‘घरातली गोष्ट’ म्हणून दार लावून घेणाऱ्यांना मी आमच्याच तालुक्याचा इतिहास सांगते. १९७० च्या दशकात शहादा-तळोदा भागात श्रमिक संघटनेचं काम उभं राहिलं तेव्हा आदिवासी बायका गावोगाव निघाल्या, दारूचे मटके फोडले आणि बायकोला मारणाऱ्याला सगळ्यांसमोर जाब विचारला. वकिलात नव्हती, हेल्पलाइन नव्हती, बहुतेकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. मारहाण ही चारचौघांत आणायची गोष्ट आहे, हे त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी याच मातीत दाखवून दिलं. आम्ही शिकल्या-सवरल्या घरांतली माणसं मात्र अजून ‘थोडं सहन कर, पोर झालं की सुधारेल’ म्हणतो. पोर झाल्यावर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

९. तक्रार तिच्यावरच झाली तर

कधी नवराच आधी पोलीस बोलावतो. हातावर ओरखडा दाखवतो, फर्डं इंग्रजी बोलतो, आणि घाबरून गप्प झालेली बायको आरोपी ठरते. अशा वेळी व्हिएन्ना कराराचं छत्तिसावं कलम लक्षात ठेवावं. परदेशी नागरिकाला अटक झाली तर त्याच्या वकिलातीला कळवण्याचा हक्क त्याला आहे, आणि पोलिसांनी तो सांगायचा असतो. नाही सांगितला तर तिने मागावा: “माझ्या वकिलातीला कळवा.” हे वाक्य इंग्रजीत पाठ करून ठेवण्यासारखं आहे. अधिकारी तिला भेटू शकतात, वकील मिळवून द्यायला मदत करू शकतात.

१०. इथली लढाई इथून

तिकडचं तिकडे चाललेलं असताना इथे हात बांधून बसायचं नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सासरहून छळामुळे निघालेली बाई जिथे आसऱ्याला आली आहे तिथेही तक्रार करू शकते. म्हणजे भाचीला शहाद्याला गुन्हा नोंदवता आला. छळाचं पूर्वीचं ४९८-अ कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालं आहे. परदेशात घडलेल्या भागाचा खटला चालवायला केंद्र सरकारची मंजुरी लागते, ते वकिलाने लक्षात ठेवावं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. स्त्रीधनाची यादी, दागिन्यांच्या पावत्या, लग्नातले फोटो तेव्हा बाहेर काढायचे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

ती अजून तिकडेच असेल तर मुखत्यारपत्र करून वकिलातीत साक्षांकित करून घेता येतं, म्हणजे बाप इथे तिच्या वतीने कामं करू शकतो. वकिलातीचं हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण आमच्या उपयोगाला सगळ्यात जास्त ते आलं.

नवऱ्याने तिकडच्या कोर्टात घटस्फोटाचा दावा लावला आणि नोटीस आली तर ती फडताळात टाकू नये आणि घाईने उत्तरही देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालाप्रमाणे, हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावरून आणि बायकोने ते कोर्ट मान्य केलेलं नसताना मिळवलेला परदेशी घटस्फोट इथे सहसा टिकत नाही. उत्तर दिलं की ते कोर्ट मान्य केल्यासारखं होऊ शकतं. आधी वकील, मग सही. याच कोर्टाने १९९४ मध्ये अनिवासी भारतीयांशी होणाऱ्या लग्नांसाठी वेगळा कायदा करा असं सुचवलं होतं. २०१९ मध्ये नोंदणीचं विधेयक राज्यसभेत आलं, २०२४ मध्ये विधी आयोगाने सविस्तर अहवाल दिला. इतक्या वर्षांत नुसत्या शिफारशी पुरे झाल्या असं मला मनापासून वाटतं.

११. लग्नाआधीची दोन कामं

मुलगा सुटीवर येतो, आठवड्यात पाहणं, पुढच्या आठवड्यात साखरपुडा आणि तिसऱ्यात हळद. यात चौकशीला वेळ कुठला? तरी त्याचा व्हिसा, नोकरीचं पत्र, तिथला पत्ता, पासपोर्ट आणि आधी लग्न झालं होतं का, एवढं लेखी मागावं. परराष्ट्र मंत्रालयाची याबद्दलची मार्गदर्शक पुस्तिका आहे, ती मुलीच्या बापाने वाचावी. दुसरं, मुलीच्या नावाने थोडे पैसे असलेलं खातं आणि तिच्या कागदांच्या प्रती माहेरी असाव्यात. आखातात किंवा दुसरीकडे नोकरीला गेलेल्यांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा भारतातून फुकट लागणारा नंबर १८००-११-३०९० आहे, तोही लिहून ठेवावा.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं लग्न ठरलं, मुलगा जर्मनीत. तिच्या वडिलांनी हे सगळे कागद मागितले तेव्हा नातेवाईक म्हणाले, सोयरीक मोडेल. मुलाने त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं पाठवलं, वर आपल्या शेजारच्या मराठी कुटुंबाचा नंबरही दिला. लग्न झालं, चांगलं चाललं आहे. तिच्या मोबाइलमध्ये मी आपल्या वकिलातीचा तातडीचा नंबर घालून दिला. नाव लिहिलं, ‘लोणखेड्याच्या बाई’.